मे ते नोव्हेंबर : कालनिर्णयात जागा उरली नाही

खडूफळा | २ मे २०२६, रात्री १०:४०

काल शेवटचे निकाल वाटले. चौतीस वर्षं दर १ मे ला तेच: सकाळी झेंडावंदन, मग प्रगतिपुस्तकं, मग पोरं बोंबलत घरी. यंदा त्यात शाल-श्रीफळ आलं, आयांनी ओटी भरली, आणि भाषणं झाली. सात जण बोलले. सातही जण म्हणाले, "बाई, आता आराम करा." चौथीतला एक पोरगा मात्र शेवटी जवळ येऊन म्हणाला, "बाई, आता तुम्हाला कुठली शाळा मिळाली?" सगळ्या भाषणांत मला तेवढंच पटलं.

कागदोपत्री ३१ मे ला निवृत्त होते. जन्म खरा श्रावणातला, पण शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी १ जून ठोकून दिला. माझ्या वयाचा निम्मा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलाय, त्यामुळे तक्रार नाही. उलट त्या गुरुजींचे उपकारच. खरी तारीख लिहिली असती तर वारी निघेल तेव्हा मी वर्गात असते.

आता मुद्द्यावर येते. रात्री स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढून टेबलावर घेतलं आणि पेन घेऊन बसले. १७ मे पासून अधिक ज्येष्ठ. लेकीचं लग्न डिसेंबर २०२३ चं, म्हणजे त्या वर्षीचा अधिक श्रावण होऊन गेला होता. हा तिचा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला वाण द्यायचं आणि तेहतीसच्या तेहतीस अनारसे घरी करायचे, हा माझा हट्ट. (आयुष्यात अनारसे केलेले नाहीत. आई करायची.) मग जुलैत वारी. पहिलीच. आळंदी ते पंढरपूर, पूर्ण पायी. आमच्या केंद्रातल्या एका बाईंच्या ओळखीनं दिंडीत नाव दिलंय, जेवण-मुक्कामाची भिशीसुद्धा भरून झाली. आषाढी एकादशी २५ जुलैला. १४ सप्टेंबरला गणपती. आमचा गणपती गावी, राजापूर तालुक्यात. भावकीतल्या पाच घरांत पाळीनं फिरतो आणि यंदा पाळी आमची. घर वर्षभर बंद असतं, ते उघडून, झाडून, शेवाळ खरवडून, गौरी-गणपतीला चाळीस माणसांचं जेवण. आणि सगळ्यात मोठी बातमी, लेकीला दिवस गेलेत. तारीख दसऱ्याच्या आसपासची. पहिलं बाळंतपण, माहेरी. म्हणजे ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला घरात तीनेक आठवड्यांचं बाळ.

मध्ये कुठेतरी मोडी लिपीचा वर्गही लावलाय.

पेन खाली ठेवलं तर जूनचा दुसरा आठवडा सोडला तर कोरी चौकट नाही. हे डोकावून गेले आणि म्हणाले, "निवृत्ती म्हणजे काय ते तुला माहीत आहे ना?" त्यांचं म्हणणं, यातलं एक काहीतरी सोड, आणि त्यांच्या मनातलं 'एक काहीतरी' म्हणजे वारी.

मला धडधडतंय, नाही असं नाही. पण ती धडधड भीतीची नाही. सहलीच्या आदल्या रात्री पोरं नव्या चपला उशाशी घेऊन झोपतात, तसं झालंय. तुमच्यापैकी कुणाला असे सगळं एकदम अंगावर येणारे महिने आले होते का? कसे निभावलेत? आणि वारी, अनारसे, कोकणची तिकिटं, ज्याला जे ठाऊक आहे ते सांगा. "आराम करा" सोडून काहीही चालेल.

---

सातवी_ब | २ मे, रात्री ११:०५

अभिनंदन बाई! मी पण जिल्हा परिषदेचाच. तुम्ही निवृत्तीमुळे जनगणनेतून सुटलात, मला घरयादी लागली आहे. उन्हात दारोदार फिरणार आणि "संडास आहे का, नळ घरात की बाहेर" विचारणार. तुमचं कालनिर्णय मला द्या, माझं तुम्ही घ्या.

---

मीठमिरची | २ मे, रात्री ११:३२

अभिनंदन. पण स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मुलीचा सातवा महिना नेमका जुलैत लागतो आणि आई पंढरपूरच्या वाटेवर? पुढे ती नवव्यात पाऊल टाकणार तेव्हा आई राजापुरात चाळीस जणांच्या पंगती वाढणार? वारी दर वर्षी निघते हो. पहिलं बाळंतपण एकदाच. आमच्याकडे तर आषाढात ओटीही भरत नाहीत, म्हणजे दोहाळजेवणाचा प्रश्न वेगळाच. तुमचे मिस्टर चुकीचं बोलत नाहीयेत.

---

दिवेघाट | ३ मे, सकाळी ६:१५

माउली, वारीपुरतं मी बोलतो. अकरा वाऱ्या झाल्या आहेत.

पहिलं म्हणजे यंदा तुम्हाला पूर्ण महिना फुकट मिळालाय. अधिक ज्येष्ठ मध्ये आला नसता तर एकादशी जूनच्या शेवटच्या आठवड्यात पडली असती आणि निवृत्त झाल्यावर आठ-दहा दिवसांत तुम्हाला आळंदी गाठावी लागली असती. हा महिना फक्त चालण्यावर घाला.

अंतर सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या घरात. रोजचं बारा-पंधरा-वीस असतं, त्याचं काही वाटत नाही. खरी परीक्षा पुणे ते सासवड, बत्तीसेक किलोमीटर आणि शेवटाला दिवेघाट. बहुतेक वेळा तो दिवस नेमका ज्येष्ठ वद्य एकादशीचा निघतो, म्हणजे साबुदाण्यावर घाट चढायचा. वर पोचल्यावर मागे वळून बघा. काय दिसतं ते मी सांगत नाही. सासवडला दोन मुक्काम असतात, पाय तिथे परत जागेवर येतात.

सराव करताना एक चूक सगळे करतात. रविवारी वीस किलोमीटर चालतात आणि खूश होतात. पहिल्या दिवशी कुणीही चालतं. दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून पाय जमिनीला टेकवताना काय होतं ते बघायचं असतं. म्हणून शनिवार-रविवार लागोपाठ पंधरा-पंधरा चाला. ज्या चपला-बुटांत वारी करणार त्यातच चाला. नवीन बूट आळंदीत काढलेत तर हडपसरपर्यंत फोड आलेच समजा. जुने वारकरी फोडातून सुईदोरा ओवतात आणि दोरा तसाच ठेवतात, पाणी हळूहळू निघून जातं. पण साखर असेल तर हे उद्योग करायचे नाहीत, सरळ वाटेवरच्या वैद्यकीय तंबूत जायचं.

सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जातं. पाठीवर फक्त पाण्याची बाटली, प्लास्टिकचा कागद, ओळखपत्र, मूठभर शेंगदाणे-गूळ. बायकांची खरी अडचण चालण्याची नसते, पहाटेची असते. तीनला उठलात तर टँकरवर आंघोळ आणि शौचालय दोन्ही निवांत होतं. चारला उठलात तर रांग. केस रोज धुवायच्या भानगडीत पडू नका, वाळत नाहीत आणि मग सर्दी लोणंदपर्यंत सोबत करते.

लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. त्या दिवशी फोन खिशात ठेवा. बाकी दिवशी काय काढायचे ते फोटो काढा.

---

खडूफळा | ३ मे, दुपारी २:२०

@दिवेघाट, वाचून दाखवलं ह्यांना. "साखर नाही तुला" एवढीच प्रतिक्रिया आली. म्हणजे हळूहळू वळताहेत.

@मीठमिरची, राग नाही, पण बोचलं. मीही हे सगळं मोजून बसले आहे. लेक पुण्यात सासरी आहे, नोकरी चालू आहे, तब्येत ठणठणीत, सासूबाई माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतात. नाव बदलापूरच्या दवाखान्यात घातलंय. गौरी-गणपती उरकून आम्ही परत आलो की ती घरी येणार, नववा तिथून लागतो. वारीतही पुणं दोन दिवस आहेच, तिला भेटूनच पुढे जाईन. आणि "वारी दर वर्षी निघते" हे मी १९९२ पासून स्वतःला सांगत आले आहे. जूनमध्ये पटनोंदणी, गणवेश, पुस्तकं. वारी दर वर्षी निघते हे खरं, बाई कुठे निघायच्या?

---

कुंभार्ली | ३ मे, दुपारी ३:४८

तिकिटांचं कुणीच बोललं नाही, म्हणून बोलतो. इथे तुमचा खरा घोळ होणार आहे.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला. तुम्ही यजमान, म्हणजे निदान शनिवारी १२ ला गावात हव्यात. १२ सप्टेंबरचं आरक्षण उघडणार १४ जुलैला सकाळी आठला. एकादशी २५ जुलै. उलटं मोजा. १४ जुलैला आठ वाजता तुम्ही जेजुरी-वाल्ह्याच्या आसपास टाळ वाजवत असाल.

हे यंदापुरतं नाही बरं का. आषाढी एकादशी ते गणेश चतुर्थी ५१-५२ दिवस असतात. मधे अधिक महिना घुसला नाही तर कोकणात गणपतीला जाणाऱ्या वारकऱ्याचं बुकिंग दर वर्षी वारीतच उघडणार. कुणाच्या लक्षात आलं नसेल.

तर हे काम घरच्या माणसावर सोपवा आणि आतापासून तयार करा. खात्याला आधार जोडलेलं हवं, नाहीतर उघडण्याच्या वेळी दारातच अडवतात. प्रवाशांची नावं आधी भरून ठेवायची. आठ वाजून दोन मिनिटांनी प्रतीक्षा यादी सुरू झालेली असते.

आणि तुतारी एक्स्प्रेसनं जाणार असाल तर तारीख तीनदा बघा. ती दादरहून रात्री १२:०५ ला सुटते. शुक्रवारी ११ ला रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट १२ तारखेचं. एका वर्षी मी सहा जणांचं कुटुंब घेऊन बरोब्बर चोवीस तास उशिरा फलाटावर उभा होतो. टीसीनं तिकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि काही न बोलता पुढे गेला.

---

सातवी_ब | ३ मे, दुपारी ४:०१

हाहाहा, तो टीसी भला माणूस होता.

---

पिंपळपान | ३ मे, रात्री ९:१०

मी २०१९ ला निवृत्त झालो, कारखान्यातून. मला काहीच नव्हतं करायचं. पहिले तीन महिने सकाळी दूध आणायला जायचो आणि ते काम लवकर संपू नये म्हणून लांबच्या डेअरीत जायचो. तुमचं कालनिर्णय वाचून खरं सांगतो, हेवा वाटला. मी अंबरनाथला असतो. सरावाला कुठल्या रस्त्यानं चालणार आहात? वारीला नाही येत, पण शनिवार-रविवारचे पंधरा किलोमीटर जमतील बहुतेक.

---

चकलीसम्राट | ४ मे, सकाळी ११:२५

अनारसे खातं माझं.

तांदूळ जुना, जाडसर. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी निथळून पंचावर सावलीत पसरायचा. हाताला ओलसर लागेल पण चिकटणार नाही एवढाच सुकवायचा. कुटून बारीक चाळायचा. वजनाला वजन गूळ किसून, थोडं तूप घालून गोळा मळायचा आणि डब्यात घट्ट दाबून निदान पाच-सहा दिवस विसरून जायचं. १७ तारखेच्या आसपास करायचे असतील तर तांदूळ या आठवड्यातच भिजत पडला पाहिजे.

खसखशीवर थापायचा, खसखस वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही. वरून झाऱ्यानं तूप उडवायचं. जाळी पडली की जिंकलात. आणि मेहेरबानी करून पिठी वाटीभर कोरडी बाजूला ठेवा, गूळ न घातलेली. का ते विचारू नका, कळेल.

---

उंबरठा | ४ मे, दुपारी १२:०७

तेहतीसच का पण? आमच्या आजी म्हणायच्या 'तीस-तीन'. त्यापुढे कुणी काही सांगत नाही.

---

घटिकापात्र | ४ मे, दुपारी १:३०

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दर वर्षी अकराएक दिवस मागे पडतात. ते साठत साठत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना होतो, तो अधिक. म्हणजे तेहतिसाव्या महिन्याच्या आसपास हिशेब चुकता होतो, म्हणून तेहतीस, अशी एक संगती लावतात. तेहतीस कोटी देवांशीही जोडतात. वाणात जाळीदारच पदार्थ का, तर अनारसा, बत्तासा, म्हैसूरपाक, कुणी काही सांगतं. मला विचाराल तर जावयाला जो आवडतो तो जाळीदार.

---

खडूफळा | २४ मे, सायंकाळी ५:५०

धागा मीच वर काढते. अहवाल द्यायला आले आहे.

अनारसे हसले. पहिला तुपात सोडला, क्षणभर छान फुलल्यासारखा वाटला आणि बघता बघता कडेनं सुटत सुटत सगळा पसरला. खसखस वेगळी, पीठ वेगळं, कढईत नुसता तपकिरी गाळ. दुसरा तसाच. तिसऱ्याला मी कढईशी भांडले. हे दारात उभे राहून म्हणाले, "विकतचे आणू का?" मी जे बघितलं त्यांच्याकडे, त्या नजरेनं चौथीचा वर्ग गप्प व्हायचा.

@चकलीसम्राट, का ते कळलं! वाटीभर कोरडी पिठी होती. दोन चमचे मळून बघितली, तूप गाळलं, आच कमी केली. आणि पडली हो जाळी. बारीक बारीक भोकं, कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. आईच्या अनारशांवर कडेला एक गडद रेघ यायची तशी रेघसुद्धा आली. तिला फोन करून सांगायचं हे मनात आलं तेव्हा आठवलं की आता फोन उचलणारं कुणी नाही. असो.

तेहतीस मोजून डब्यात ठेवले. संध्याकाळी मोजले तर एकतीस. संशयित घरातलाच. आणखी दोन तळले.

चालणं: बारवी धरणाच्या रस्त्यानं जातो पहाटे साडेपाचला. पिंपळपान खरंच आले, थर्मासमधून चहा घेऊन! कालचे पंधरा झाले, आजचे अकरावर थांबले, डाव्या टाचेनं नाही म्हटलं. दिवेघाट म्हणतात ते शब्दन् शब्द खरं, आज पहाटे पाय जमिनीला टेकवताना तोंडातून जे निघालं ते 'माउली' नव्हतं.

पेन्शनचे कागद एका टेबलावर अडकलेत. सेवापुस्तकात १९९८ सालच्या एका रजेची नोंद नाही म्हणे. ती रजा कशाची होती? लेकीच्या वेळच्या बाळंतपणाची. लेकीच्या बाळंतपणाआधी सुटेल अशी आशा. जास्त लिहीत नाही.

मोडी दिवाळीनंतर. ते मी सोडलं. एक सोड म्हणत होते ना सगळे, घ्या.

---

मीठमिरची | २४ मे, रात्री ८:४४

मोडी सोडून काय उपयोग, मी काय म्हणत होते आणि तुम्ही काय सोडलंत! पण अनारशांचं बरं झालं. आईचं वाचून थांबले जरा.

गावच्या घराचं काय केलंत? बंद घर गणपतीला आठ दिवस आधी उघडून भागत नाही, आमच्या मालवणच्या घरी विहिरीचं पाणीच निवळायला चार दिवस लागले होते. आणि पाट दिलात का? दर वर्षी पाट नागपंचमीच्या सुमारास गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पोचवतात, पण पाळी असलेल्यानं मूर्ती आधीच सांगून ठेवलेली बरी. आयत्या वेळी हवी ती उंची मिळत नाही.

---

खडूफळा | २४ मे, रात्री ९:१५

बघा, शेवटी मदत केलीतच! पाट धाकट्या दिरांकडे आहे, ते तिथेच असतात, नागपंचमीला तेच नेतील. शाळेतून निवृत्त झाले आणि पुढची फेरी गणपतीच्या शाळेतच. घर उघडायला हे ऑगस्टच्या शेवटी एसटीनं पुढे जाणार. चार दिवस एकटे. भात लावायला येतं एवढ्यावर खूश आहेत.

---

तिसरा_बाक | ३१ मे, रात्री ११:५८

नमस्कार. मी नवीन सदस्य. मी हिची मुलगी.

आई, मला हा धागा सापडला कारण तू बाबांच्या लॅपटॉपवर लॉगइन ठेवून गेलीस आणि बाबांनी मला स्क्रीनचा फोटो पाठवून विचारलं, "हे बंद कसं करायचं?"

तर सगळ्या काकवा-मावश्यांनो, मला काय हवंय हे कुणीच विचारलं नाही म्हणून सांगते. दोहाळजेवण रविवार २ ऑगस्टला, आमच्या घरी, पंधरा माणसं, झोपाळा नाही, फुलांचा धनुष्यबाण तर नाहीच नाही. आषाढ चालतो, सासूबाईंना विचारलं. आई वारीहून आलेली असेल, पाय दुखत असतील, ती खुर्चीत बसेल आणि आम्ही तिला वाढू. पंढरपूरहून चुरमुरे, बुक्का आणि लाखेच्या बांगड्या आण. माउलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम असते, त्यातल्या एका रात्री तू आमच्याकडे झोपायला यायचंस, मी पाय चेपून देईन. दिंडीवाले सोडतील ना?

वारी सोडू नकोस. मी दुसरीत असताना शाळेच्या गॅलरीतून दिंडी दाखवताना तू काय म्हणाली होतीस ते तू विसरलीस, मी नाही. इथे लिहिणार नाही.

आणि आज ३१ मे. अभिनंदन, बाई.

(अनारसे छान होते. ह्याने एकट्याने चौदा खाल्ले. मला दोन.)

---

दिवेघाट | १ जून, सकाळी ५:५०

दिंडीवाले सोडतात. विणेकऱ्यांना सांगून जायचं आणि सासवडला निघायच्या पहाटे वेळेवर हजर व्हायचं. पोरीला सांगा, पाय चेपू नकोस, गरम पाण्यात मीठ टाकून दे.

---

पिंपळपान | १ जून, सकाळी ७:३०

बाई आज आल्या नाहीत चालायला. धागा वाचून कळलं का ते. १ जूनच्या शुभेच्छा, माझाही आजच. कागदोपत्री.

---

मीठमिरची | १ जून, सकाळी ९:०२

बरं बाई, जा. कुंकू माझ्या नावानंही वाहा पंढरपुरात. नाव इथे नाही लिहीत, व्यक्तिगत निरोपात पाठवते.

---

खडूफळा | ५ जुलै, रात्री १०:२०

तीन दिवसांवर आलं. पिशवी भरून झाली, दोनदा रिकामी करून परत भरली. सातच किलो. जुनेच बूट, दोन जोड मोजे, तीन सुती साड्या आणि लेकीच्या हट्टानं दोन पंजाबी ड्रेस. शेवटच्या शनिवार-रविवारी सतरा आणि पंधरा झाले, सोमवारी सकाळी टाच बोलली नाही. पिंपळपान आळंदी ते पुणे एक दिवस चालणार आहेत. एकच म्हणतात. बघू.

पेन्शनची फाईल टेबलावरून उठली, पुढच्या टेबलावर बसली.

तिकिटांची तालीम जोरात आहे. @कुंभार्ली, ह्यांनी तुमचा प्रतिसाद कागदावर उतरवून भिंतीला लावलाय. आधार जोडलं, सात जणांची नावं भरली. गेले दहा दिवस रोज सकाळी आठला कुठल्या तरी गाडीचं बुकिंग पैसे भरायच्या पानापर्यंत नेतात आणि सोडून देतात. काल आठ वाजून एक मिनिटाला त्या पानापर्यंत पोचले, आणि मग चष्मा सापडेना. चष्मा कपाळावर होता. १४ तारखेला आठ वाजता मी त्यांना फोन करायचा नाही, असं मला बजावलंय.

वाटेत रेंज मिळेल तसं लिहीन. नाही लिहिलं तर समजा चालतेय.

---

कुंभार्ली | ५ जुलै, रात्री १०:३१

चष्म्याला दोरी बांधायला सांगा. आणि तारीख १२. बारा.

---

दिवेघाट | ५ जुलै, रात्री १०:४७

पिशवीवर नाव घातलंत का? ट्रकमध्ये दीडशे पिशव्या एकसारख्या असतात, अंधारात हाताला येईल ती माणसं उचलतात.

---

खडूफळा | ५ जुलै, रात्री ११:०२

घातलं. पांढऱ्या ऑइल पेंटनं, दोन्ही बाजूंनी, आडनावासकट. खाली इयत्ता लिहायला ब्रश टेकवला होता, ह्यांनी हात धरला.